सगळं खाणारं लेकरू

मराठवाड्यात लेकराला मिळणारं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र म्हणजे "सगळं खातंय". रंग, बाळसं, चालणं-बोलणं हे त्याच्या मागनं. कुणाच्या घरी गेलं आणि "काय म्हणतंय लेकरू?" विचारलं की उत्तर येतं, "काही नाटकं नाहीत बघा, पुढं ठेवलं ते खातंय." हे उत्तर आमच्या घरातही कितीदा तरी दिलं गेलं आहे आणि देताना आवाजात थोडा तोरा असायचा. एकोणीस महिन्यांचा माझा नातू खरोखरच सगळं खायचा. वरणात कुस्करलेली भाकर, मेथीची भाजी, मुगाची खिचडी, दही-धपाटं, शेंगदाण्याचा लाडू, केळं, चिकू. अंबाड्याच्या भाजीचं बोटसुद्धा तोंड वाकडं करत चाटून संपवायचा. अंगणवाडीच्या भिंतीवर भाज्या-फळांचं जे चित्र रंगवलेलं असतं, त्यातलं आमच्या घरात काही वर्ज्य नव्हतं. मटण सोडून. त्याची गोष्ट पुढे येईलच.

तर या सगळं खाणाऱ्या लेकराचं हिमोग्लोबिन निघालं ९.१ आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, ६.

मी अंबाजोगाईत शाळेत विज्ञान शिकवलं. "लोहाच्या अभावामुळे कोणता रोग होतो? तो टाळण्यासाठी आहारात काय घ्यावे?" हा प्रश्न मी किती वर्षं तपासला असेल! "पालेभाज्या, गूळ, खजूर" एवढं लिहिलं की पूर्ण गुण. घरातल्या रिपोर्टपुढे हे उत्तर नापास झालं, कारण पालेभाज्या, गूळ, खजूर हे तिन्ही ताटात होतं.

कळलं ते भिंतीच्या पोपड्यांमुळे. पाठीमागच्या खोलीला ओल आहे. तिथला चुन्याचा पापुद्रा नखानं काढायचा आणि तोंडात टाकायचा हा साहेबांचा उद्योग. तुळशीतली मातीही चाटून झाली होती. आमच्याकडे माती खाणाऱ्या लेकराचं निदान गल्लीतच होतं: "कॅल्शियम कमी असंल." त्याप्रमाणे दुधाचा आणखी एक पेला वाढला. दुसरं असं, की रडता रडता तो श्वास धरायचा, ओठ निळे पडायचे, आम्ही सगळे धावायचो आणि क्षणभरानं तो पुन्हा टाहो फोडायचा. त्यावर मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. दीड वर्षाच्या बूस्टरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी त्याची खालची पापणी ओढून पाहिली, तळहात पाहिले आणि सुनेला विचारलं, "माती खातो का? दूध किती पितो?" काय खातो हे त्यांनी विचारलंच नाही. मी आहाराची यादी तोंडपाठ करून गेले होते. ती तोंडातच राहिली.

माती, चुना, खडू खावासा वाटणं ही लोहाच्या कमतरतेची जुनी खूण आहे, आणि रडताना श्वास धरणाऱ्या बऱ्याच मुलांत लोह कमी सापडतं, ते भरून निघालं की झटकेही कमी होतात, हे त्या दिवशी ऐकलं. दोन्ही खुणा घरात रोज डोळ्यांपुढे होत्या, फक्त एक कॅल्शियमच्या खात्यात गेली आणि दुसरी दृष्टीच्या.

बातमी नातेवाइकांत पसरायला वेळ लागला नाही. औसा, उदगीर, परळी, नांदेड सगळीकडून फोन. बीट दे. डाळिंबाचा रस दे. काळे मनुके रात्री भिजत घाल. गूळ-शेंगदाणे दे. हळीवाची खीर कर. सफरचंद कापलं की लाल पडतं ते लोहामुळेच, असंही एका शिकल्या-सवरल्या माणसानं सांगितलं (ते काही लोहामुळे नाही, पण फोनवर कोण वाद घालतो). हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते नव्यानं काढले आहेत. ते उघडून बसले. शंभर ग्रॅम बिटात लोह पाऊण मिलिग्रॅम. शंभर ग्रॅम डाळिंबाच्या दाण्यांत तर ०.३ च्या आसपास. रंग लाल म्हणून रक्त वाढतं ही समजूत किती चिवट आहे! गूळ बरा, शंभर ग्रॅमला साडेचारच्या वर. पण शंभर ग्रॅम गूळ कोणतं लेकरू खातं? सुपारीएवढा खडा दिला तर त्यात पाव मिलिग्रॅमही नाही. हळीव मात्र मानलं पाहिजे, शंभर ग्रॅमला सतरा. बाळंतिणीला हळीव देणाऱ्या बायकांना तक्ता माहीत नव्हता आणि तरी त्यांचं बरोबर होतं. पण हळीवही लेकराच्या पोटात जाणार ते अर्धा चमचा.

मग मी हिशेबच मांडला. मास्तरणीची खोड. एका दिवसात त्याच्या पोटात खरोखर काय जातं ते चमचा-वाटीनं मोजलं. भाकर पाव, म्हणजे पंचवीस ग्रॅम ज्वारीचं पीठ: लोह एक मिलिग्रॅम. वाटीभर वरण वाटतं खरं, पण त्यात कोरडी तूरडाळ वीस ग्रॅम: ०.८. अर्धी पोळी: ०.६. दोन चमचे पालेभाजी: फार तर ०.८. शेंगदाण्याचा कूट, गुळाचा खडा, भाताचे चार घास मिळून ०.७. बेरीज चारच्या आसपास. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं २०२० मध्ये एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी रोजचं लोह सांगितलं आहे ८ मिलिग्रॅम. म्हणजे सगळं खाऊन, काही नाटकं न करता, निम्मं.

आणि हे झालं पोटात गेलेलं. रक्तात किती जातं हा वेगळाच मामला. धान्य, डाळी, पालेभाज्यांतलं लोह आपल्या शरीराला फार थोडं शोषता येतं. आपल्या भाकरी-वरणाच्या जेवणात शंभरातले पाच ते आठ भाग. ज्वारी-बाजरी-डाळींत फायटेट असतं, ते लोहाला धरून ठेवतं. चार मिलिग्रॅमचे पाच-आठ टक्के म्हणजे ०.२ ते ०.३. दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या शरीराला दिवसाला लागतं साधारण अर्धा मिलिग्रॅम. ही तूट रोजची. रोज थोडी थोडी, कुणाला न दिसणारी, आणि ताटात सात रंग असतानाची.

हा हिशेब मी सुनेला दाखवला. ती बँकेत आहे, आकड्यांना घाबरत नाही. बराच वेळ वही बघत राहिली आणि म्हणाली, "आई, म्हणजे मी दहा प्रकार करते ते दहा चमचेच होतात ना." तिला जे एका वाक्यात कळलं ते मला पानभर लिहून कळलं होतं. पदार्थ वाढले म्हणून पोट वाढत नाही. उलट वर्षानंतर मुलाची भूक कमीच होते, कारण पहिल्या वर्षात तिप्पट होणारं वजन नंतर सावकाश वाढतं. लोहाची गरज मात्र तशीच चढी राहते. परिषदेच्या त्याच तक्त्यात बाप्या माणसाला १९ मिलिग्रॅम आहे. किलोमागे हिशेब केला तर बारा किलोच्या पोराला पासष्ट किलोच्या बापाच्या दुपटीहून जास्त लोह लागतं. आणि तो बाप चार भाकरी खातो.

आता दुधाकडे येते. आमच्या घरात दुधाचं खातं ह्यांच्याकडे. ह्यांचं बालपण धारूर तालुक्यातल्या एका वाडीत गेलं. घरात दोन म्हशी होत्या, पण दूध जायचं विकायला आणि पोरांना राहायचं ताक. त्यामुळे 'नातवाला दूध कमी पडता कामा नये' हा ह्यांचा हट्ट मला कळतो. गवळ्याच्या दारात सकाळी उभं राहून समोर पिळलेलं म्हशीचं दूध आणायचं, हा त्यांचा दिवसातला पहिला धर्म, हरिपाठ त्याच्यानंतर. सकाळी पेलाभर, दुपारी झोपताना बाटली, संध्याकाळी 'वाढीचं वय आहे' म्हणून अर्धा पेला, रात्री पुन्हा बाटली. पाऊण लीटरच्या वर जात होतं.

दुधात लोह नावालाच असतं. वाईट तेवढंच असतं तर चाललं असतं. पण दुधानं छोटंसं पोट भरतं आणि भाकर मागे पडते. दुधातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन जेवणातल्या लोहाला आडवं येतं. पेलाभर दूध जेवणासोबत घेतलं तर त्या जेवणातलं लोह शोषलं जाण्याचं प्रमाण निम्म्यावर येऊ शकतं. शिवाय वर्षाच्या आतल्या बाळाला वरचं दूध पाजलं तर काही बाळांच्या आतड्यातून डोळ्यांना न दिसणारं रक्त थोडंथोडं जात राहतं. डॉक्टर म्हणाले, "दिवसाला अर्धा लीटर, त्याच्या वर नको. बाटली बंद. जेवणासोबत तर नकोच." ह्यांनी हे ऐकलं आणि गाडीत बसेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुधानं कधी कुणाचं वाईट झालंय का?" दुधाला नाही म्हणणं आमच्या पिढीला जमत नाही. ज्यांना मिळालं नाही त्यांना तर अजिबात नाही.

चहाचं आणखी अवघड. मराठवाड्यात चहा पाहुण्याला, गड्याला, भांडण मिटवायला आणि लेकराला. आजोबांच्या मांडीवर बसून बशीतल्या चहात टोस्ट बुडवून खाणारं पोर दिसलं नाही असं घर शोधून दाखवा. "घोटभर चहानं काय व्हायलंय?" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. चहातलं टॅनिन लोहाला असं बांधतं, की त्याच वेळच्या जेवणातलं निम्म्याहून जास्त लोह वाया जातं. म्हणजे सकाळच्या दशमीत जे काही थोडं होतं ते बशीनं नेलं. आमच्याकडे बशीवर तह झाला: चहा आजोबांचा, टोस्ट नातवाचा, आणि टोस्ट कोरडा. पहिले काही दिवस दोघेही रुसले.

फेरिटिन म्हणजे काय हे समजावायला मराठवाड्यात फार लांब जावं लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. मांजरा धरण आटलं होतं आणि आम्ही अंबाजोगाईकरही त्याच धरणाचे. नळाला पाणी येत होतं तोवर धरणात किती उरलंय हे कुणी विचारलं नाही. पेपरात 'मृतसाठा' हा शब्द छापून आला तेव्हा सगळे जागे झाले. हिमोग्लोबिन हा नळ आहे आणि फेरिटिन हे धरण. शरीर नळ चालू ठेवण्यासाठी आधी धरण उपसतं. म्हणून हिमोग्लोबिन ११ च्या वर, पोर खेळतंय-बागडतंय आणि साठा तळाला, असं बऱ्याच मुलांचं असतं. पाच वर्षांखालच्या मुलात फेरिटिन १२ च्या खाली गेलं की साठा संपला असं जागतिक आरोग्य संघटना धरते. सर्दी-ताप असताना मात्र हा आकडा खोटा फुगतो, त्यामुळे आजारपणात केलेल्या तपासणीवर विसंबू नये. हिमोग्लोबिनची हद्दही त्या संघटनेनं २०२४ मध्ये बदलली. सहा ते तेवीस महिन्यांसाठी आता १०.५, दोन ते पाच वर्षांसाठी ११. आमचे साहेब दोन्हींच्या खाली होते, त्यामुळे हा बदल आमच्या उपयोगाचा नव्हता.

या नळाच्या व्यवस्थेत एक गोष्ट मला झोपू देईना. लोह कमी पडलं की बाळाचं शरीर ते आधी लाल पेशींना देतं आणि मेंदूला नंतर. याच वयात मेंदूतल्या तंतूंवर आवरण चढत असतं, आणि त्याला लोह लागतं. बेट्सी लोझॉफ या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बाईंनी कोस्टा रिकातल्या मुलांवर हे काम केलं. तान्हेपणी दीर्घकाळ लोह कमी असलेली मुलं त्यांनी एकोणीस वर्षांची होईपर्यंत पाहिली. रक्त तेव्हाच सुधारलं होतं, पण शिकण्या-समजण्याच्या चाचण्यांतलं अंतर भरून आलं नव्हतं. हे मी घरात मोठ्यानं वाचलं नाही. सुनेनं स्वतःच कुठूनतरी वाचलं आणि रात्री डोळे सुजवून बसली.

तिच्या रडण्याला आणखी कारण होतं. जे जे फोन आले ते आधी बीट-डाळिंब सांगायचे आणि मग आवाज खाली आणून म्हणायचे, "नोकरी करती ना, लक्ष कुठवर देणार." उदगीरच्या तिच्या मावशीनं तर थेट विचारलं, "काय खाऊ घालतीस काय नाही?" माझ्या मुलाला, म्हणजे पोराच्या बापाला, एकानंही हा प्रश्न विचारला नाही. मला राग आला तो इथे. मुलाच्या रक्तात काही कमी निघालं की चौकशी स्वयंपाकघराची होते आणि स्वयंपाकघर म्हणजे आई. आणि इथे तर आईचा स्वयंपाक हिशेबात बसतही नव्हता, कारण गोष्ट त्याच्या आधीच सुरू झाली होती.

बाळ जन्माला येतं तेच लोहाची शिदोरी घेऊन. ती भरते गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत. पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या बाळाला ती साधारण सहा महिने पुरते. आईच्या दुधात लोह थोडं असतं, पचतं मात्र छान. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू करायचं ते यासाठीही. आमचा नातू तीन आठवडे आधी आला, वजन २.३ किलो. अडीच किलोच्या आतल्या बाळांची शिदोरी दोन-तीन महिन्यांतच संपत येते. म्हणूनच त्यांना दोन महिन्यांपासून लोहाचे थेंब द्यावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. बाळ जन्मल्यावर नाळ कापायची घाई न करता निदान एक मिनिट थांबलं तर नाळेतलं रक्त बाळाकडे जातं आणि पुढचे कित्येक महिने पुरेल असं लोह त्यात असतं. एक मिनिट! सूनबाईचं स्वतःचं हिमोग्लोबिन सातव्या महिन्यात नऊच्या घरात होतं. लोहाच्या गोळ्यांनी पोट बांधायचं, मळमळायचं, आणि केजला जाणाऱ्या एसटीत मळमळ घेऊन बसणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. पोराच्या भाकरीवर बोट ठेवणाऱ्यांनी तिच्या त्या दिवसांत तिच्या ताटात डोकावून पाहिलं होतं का?

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंची सून दिवाळीनंतर नवऱ्यासोबत ऊसतोडीला जाते, कोल्हापूरकडे. तिचं लेकरू कोपीवर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या झोपडीत, भाकर, बेसन आणि मिरचीच्या ठेच्याच्या वासावर वाढतं. त्याचंही रक्त कमी निघालं. तिथे कारण सरळ आहे, खाणंच कमी. मला वाटायचं हा आजार त्या कोपीवरचा. पण २०१६ ते १८ मध्ये देशभर मुलांच्या पोषणाचं मोठं सर्वेक्षण झालं, शिरेतून रक्त घेऊन. त्यात एक ते चार वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ४१ टक्के ॲनिमियात आणि ३२ टक्क्यांत लोह कमी आढळलं. आणि गंमत म्हणजे, लोहाची कमतरता खेड्यापेक्षा शहरात जास्त, गरिबांपेक्षा सुखवस्तू घरांत जास्त होती. माझा संशय दुधाच्या पेल्यावर आहे, आणि पांढऱ्याशुभ्र तांदळावर, आणि मैद्याच्या टोस्टवर. कोपीवरच्या लेकराला निदान दुधाचा त्रास नाही. त्याच्या ॲनिमियात जंतांचा, हगवणीचा, तापांचा वाटा मोठा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६८.९ टक्के ॲनिमियात दिसली. त्यात रक्त बोटातून घेतलं होतं, म्हणून आकडा चढा येतो असं म्हणणारे आहेत. येऊ द्या चढा. निम्मा केला तरी एका अंगणवाडीत किती मुलं झाली ते मोजा.

औषधाचं थोडक्यात सांगते, कारण ते डॉक्टरांचं काम आहे. वजनाच्या हिशेबानं, किलोमागे तीन मिलिग्रॅम, रोज. निदान तीन महिने, आणि हिमोग्लोबिन सुधारलं तरी थांबायचं नाही, कारण नंतर साठा भरायचा असतो. आशाताई जे लोहाचं सिरप देतात, आठवड्यातून दोनदा एक मिली, त्यात वीस मिलिग्रॅम लोह असतं. ते कमतरता होऊ नये म्हणून. झालेली कमतरता त्यानं भरत नाही, आणि दोन्ही एकदम सुरू करायचं तर विचारून. थेंब जिभेच्या मागच्या बाजूला सोडले की दात काळे पडत नाहीत. शी काळी होते, तिला घाबरू नये. बाटली कडी-कुलपात ठेवावी. गोड लागतं म्हणून लेकरानं सगळी पिऊन टाकली तर लोह विष ठरतं, जिवावर बेततं. महिनाभरात हिमोग्लोबिन निदान एकनं चढलं पाहिजे. नाही चढलं तर थॅलेसेमियाची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, चाचणी करू, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. आमचं चढलं.

थेंब द्यायचे ते मोसंबीच्या रसासोबत. जालन्याची मोसंबी आम्ही आजवर आजारी माणसाला भेटायला जाताना पिशवीत घालून नेली. तिच्यातलं क जीवनसत्त्व लोहाला रक्तात शिरायला मदत करतं, दुपटीनं सुद्धा. पेरू तर त्याहून भारी. हे समजल्यावर ताटात पदार्थ वाढले नाहीत, जागा बदलल्या. केळं संध्याकाळी गेलं, पेरूची फोड जेवणात आली. वरणावर लिंबू पिळायचं ते ताटात, चुलीवर उकळताना नाही, कारण उकळलं की क जीवनसत्त्व जातं. दही जेवणातून मधल्या वेळेला. मटकीला मोड आणूनच उसळ, कारण मोडात फायटेट घटतं. माळ्यावरची लोखंडी कढई खाली आली. तिच्यात अंबाड्याची भाजी काळी पडते म्हणून सून नाक मुरडायची. काळी पडते ती लोखंड उतरल्यामुळेच. इथिओपियात १९९० च्या दशकात लहान मुलांवर हेच करून पाहिलं होतं. लोखंडी भांड्यात शिजवलेलं खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमवाल्यांपेक्षा जास्त वाढलं.

माझं माहेर औशाकडचं. तिकडे येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात भज्जी, आंबील आणि उंडे. भज्जीत हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे दाणे, पालेभाज्या, आंबट चिंच. आंबिलीचं ज्वारीचं पीठ आदल्या रात्री ताकात भिजवून आंबवलेलं. आंबवलं की फायटेट कमी. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकर, आणि तीळ शंभर ग्रॅमला चौदाच्या वर. या सणांमागे कुणी शास्त्र ठरवलं होतं असं मी म्हणणार नाही. ज्या दिवसांत शेतात जे पिकतं ते खाल्लं, इतकंच. पण वर्षातून एकदा खाण्याचं ते आठवड्यातून एकदा करायला कुणाची हरकत?

बाजरीवरून आठवलं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं लोहयुक्त बाजरीचे संकरित वाण काढले आहेत, एएचबी १२०० एफई आणि एएचबी १२६९ एफई. दुसऱ्यात किलोमागे ९१ मिलिग्रॅम लोह आहे. साध्या बाजरीत पासष्टच्या आत-बाहेर, ज्वारीत चाळीसच्या आसपास. ज्वारीतही 'परभणी शक्ती' आहे, हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेसोबत केलेली, २०१८ ची, किलोला ४५. माझ्या वहीत पाव भाकरीचं एक मिलिग्रॅम लोह १२६९ नं सव्वादोन होतं. पण दुकानात जाऊन हे वाण मागितलं तर व्यापारी माझ्याकडे बघत राहिला. "मालदांडी घ्या बाई, भाकर मऊ होती." शेवटी परभणीकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून कट्टाभर बाजरी आणली. आपल्याच मराठवाड्यात निघालेलं वाण आपल्याच मोंढ्यात नाव सांगून मिळू नये, हे मला बिटाच्या रसापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणि मटण. डॉक्टरांनी सहज विचारलं होतं, "काळीज चालतं का घरात?" मांसातलं लोह भाजीतल्यापेक्षा कितीतरी पटींनी शोषलं जातं, पंधरा ते पस्तीस टक्के, आणि सोबतच्या भाकरीतलं लोहही ते ओढून नेतं. ह्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. ते उठून बाहेर औषधाच्या दुकानात जाऊन उभे राहिले. सुनेच्या माहेरी रविवारी मटण शिजतं. हा प्रश्न घरात चर्चेला आला नाही. कुणी काही ठरवलं नाही. पण नातवाच्या उदगीरच्या फेऱ्या वाढल्या, आणि तिकडून आल्यावर "काय खाल्लं रे आजोळी?" असं ह्यांनी कधी विचारलं नाही.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.३ आलं, फेरिटिन २१. पोपडे खाणं त्याच्या बरंच आधी थांबलं होतं. डॉक्टरांनी थेंब आणखी काही दिवस चालू ठेवायला सांगितले आणि मग सुनेकडे वळून विचारलं, "तुमचं शेवटचं कधी तपासलं होतं?" बाळंतपणानंतर नाहीच. त्याच दिवशी तिचंही रक्त दिलं. ९.६.

तिची गोळी आता माझ्या जबाबदारीत. डब्यात लिंबाची फोड मी घालते. अडचण एकच, बँकेत अकराला चहा येतो आणि साहेबांनी पाजलेल्या चहाला नाही म्हणता येत नाही. म्हणून ती गोळी दुपारी दीडला जेवणानंतर घेते, आणि साडेतीनच्या चहापर्यंत तिला टेबलावरून उठता येत नाही, हे या बाबतीत बरंच झालं.